वरच्या मजल्यावरच्या बाई आणि माझं विरजण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंसारखी, माणसाला दोन घास सुखाने खाऊ न देणारी व्यक्ती अख्ख्या डोंबिवलीत दुसरी नसेल. औषधांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये यांचा जन्म गेला. रिटायर झाल्या आणि लॅब माझ्या ओट्यावर आली. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, म्हणून त्यांची लाडकी. भात वाढला की म्हणणार, "वहिनी, गिळू नका, चावत राहा. गोड लागला? आता सांगा, साखर कोणी घातली?" मग उत्तरही स्वतःच देणार, लाळेतल्या एन्झाइमने. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यांनी कोरडा भात चावत बसवलं होतं. तेव्हापासून सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई आमच्याकडे येताना तोंडात सुपारी धरूनच येतात. विरजण लावताना दूध कोमट झालंय का, हे मी करंगळी बुडवून बघते. महिनाभर बाई माझ्या करंगळीमागोमाग थर्मामीटर बुडवून वहीत आकडे लिहीत होत्या. शेवटी, जरा नाराजच होऊन म्हणाल्या, "तुमची करंगळी बरोबर आहे."

माझी नात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीत नापास झाली, तेव्हा मी तिला त्यांच्यापुढेच नेऊन बसवलं. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पुस्तक इंग्रजी. पोर नुसतं पाठ करायची आणि रडायची. तिच्या कॉलेजात परीक्षेला तीनदाच बसू देतात, चौथ्यांदा घरी.

"पुस्तक मिट," बाई म्हणाल्या. "आधी तुला काय येतं ते सांग."

"काहीच येत नाही हो मला!"

"दही लावता येतं?"

"ते येतं."

"मग अर्धा धडा येतो की!"

दुसऱ्या खेपेच्या पेपरला नेमका प्रश्न आला, उष्णतेने एन्झाइमचं काय होतं. पोर हसत घरी आली. निकाल लागला तर पुन्हा नापास! पोरीने दोन पानं माझं दही लिहिलं होतं. दूध कढत असलं तर काय होतं, गार असलं तर काय, भांडं टॉवेलात कसं गुंडाळायचं, सगळं. एन्झाइम हा शब्द एकदाही नाही.

मी हे जिन्यात सांगितलं, तर बाई पायरीवरच बसल्या. "चूक माझी, वहिनी. तिला दह्यापर्यंत नेलं आणि तिथेच सोडलं. परत पुस्तकात आणलंच नाही."

त्यानंतर बाई खाली जेवायला येईनाशा झाल्या. नातीने पुस्तकं नाडीने बांधून कपाटावर टाकली. मेडिकलच्या दुकानात कामाला लागते म्हणाली. घरात सगळे मुकाट जेवायला लागलो. आता सुखाने गिळता येत होतं, पण घास उतरत नव्हता.

काल माझं दही लागलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लक्ष कुठे होतं माझं? नातीने भांड्यात डोकावून पाहिलं. "आजी, कढत दुधात घातलंस तू. सगळे एन्झाइम मेले." मग भांडं उचललं, कपाटावरची पुस्तकं ओढली आणि वर गेली. मी जिन्यापर्यंत मागोमाग गेले. दार उघडंच होतं.

"एन्झाइम मरत नाहीत गं, बिघडतात," बाईंचा आवाज आला. "मरतात ते जिवाणू. बस. आता हेच पुस्तकातल्या शब्दांत लिही."

एकच खेप उरलीय. पास होईल का, सांगायचा माझा तर काही धीर होत नाही. पण आज तांदूळ घेताना माझ्या हातून बाईंच्या वाटची मूठ आपोआपच जास्तीची पडली.