नांदे रास्मी तोंडावर बोलली

नांदे रास्मीशी भांडायला कुता देलेंग गावात सहसा कुणी धजत नसे, कारण तिच्याशी भांडण सुरू करता यायचं, संपवता यायचं नाही. प्रवचनात एकच उदाहरण दोनदा आलं म्हणून तिने एकदा पाद्रीबाबांना चर्चच्या पायरीवर उभं करून झापलं होतं. साठी उलटली, पुढचे दोन दात गेले, पण तोंडाचा पट्टा काही थकला नाही. गालात तंबाखूची गोळी, डोक्यावर टोपली आणि कपाळाला आठी अशी ती उतारावरून खाली येताना दिसली की कॉफीच्या दुकानातले पुरुष बुद्धिबळाच्या पटात डोकी खुपसून बसत.

अशा बाईच्या नशिबी घरजावई आला. आमच्याकडे सासू-जावयाने एकमेकांशी थेट बोलायचं नसतं. नजरेला नजर द्यायची नाही, एका चटईवर बसायचं नाही. मधे कुणीतरी लागतं, आणि कुणी नसलंच तर भिंतीला सांगायचं, चुलीला सांगायचं, दुसऱ्याने ते ऐकून घ्यायचं. बाकीच्या घरांत हे अदबीने चालतं. या घरातल्या भिंतींचे मात्र कान किटले असतील.

मधे असायची रास्मी. आईचं नावच मुळी लेकीवरून पडलेलं, रास्मीची आई म्हणून नांदे रास्मी. अकरा वर्षं ती पोरगी इकडचे शब्द तिकडे पोचवत होती, आणि पोचवता पोचवता त्यांची धार बोथट करत होती. आई म्हणायची, "त्या रेड्याला सांग, छप्पर गळतंय." रास्मी नवऱ्याला सांगायची, "आई म्हणते, सवड मिळाली की छपराकडे बघा." तिकडूनही तसंच. नांदे रास्मीला हे माहीत होतं. आपलं बोलणं लेक असं मिळमिळीत करून टाकते, याची तिला चीडच यायची.

जावई नाम्पाती वाईट नव्हता. हे तिला कुणी सांगितलं असतं तर त्याचीही खैर नव्हती, पण माणूस कामाचा होता. उजाडायच्या आत शेतात, कधी दारू नाही, कधी हात उगारला नाही. त्याचं एकच चुकलं. त्याच्या डोळ्यांत संत्र्याची झाडं खुपायला लागली.

ती बेचाळीस झाडं तिच्या नवऱ्याने लावली होती. पुढचं वर्ष कोरडं गेलं तेव्हा नांदे रास्मीने ओढ्यापासून वरपर्यंत डोक्यावरून डबे वाहून ती जगवली. तेव्हापासून तिची मान डावीकडे कलली ती कललीच. नवरा पुढे खोकल्याने गेला. तिच्याकडे उरली वाकडी मान आणि झाडं.

आता तीन वर्षं फळाला माशी लागत होती. वरून पिवळंधमक दिसणारं संत्रं फोडलं की आत अळी वळवळायची. नांदे रास्मी भल्या पहाटे, अंधारातच, सगळ्यांच्या आधी जाऊन गळलेली फळं खड्डा करून पुरून टाकी, जावयाने मोजू नयेत म्हणून. ही झाडं आता पोट भरणार नाहीत, हे तो म्हणतो ते खरं आहे, हे तिला कळत होतं. त्यामुळे तर तिला त्याचा जास्तच राग यायचा.

रविवारी संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला.

"चुली, त्यांना सांग," नाम्पाती ताटातून डोकं वर न काढता म्हणाला, "कोबीची रोपं आलीत. उद्या झाडं पाडतोय."

"चुली, त्याला म्हणावं, झाडं माझ्या नवऱ्याची आहेत. त्याच्या बापाने लावलेली असती तर म्हटलं असतं, पाड खुशाल. पण त्याच्या बापाने जन्मात काय लावलं असेल तर पैज. तीही हरला."

"आई, त्यांच्या वडलांना कशाला मधे ओढतेस?" रास्मी म्हणाली.

"तुझ्याशी कोण बोलतंय? मी चुलीशी बोलतेय."

"चुली, औषध मारून माझ्या हातांची सालं निघाली," नाम्पाती म्हणाला. "तीन वर्षं थांबलो. आणखी थांबलो तर खायचं काय, तेही विचार त्यांना."

"चुली, त्याला सांग, कोबीच खा. डोक्यात भरलाय तेवढा बास होईल."

नाम्पाती अर्ध्या ताटावरून उठला. रास्मीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवलीच नाही.

सोमवारी तो खरंच कुऱ्हाड घेऊन वर गेला. शेजारच्या शेतांत मिरची तोडायला बाया लागल्या होत्या. नांदे रास्मी धापा टाकत पोचली, मागून रास्मी.

"झाडा, त्याला सांग, हात लावलास तर याद राख!"

नाम्पातीने घाव घातला.

"दगडा, तू सांग! ह्याला ऐकू येत नसेल तर कान टोचून सांग!"

दुसरा घाव, तिसरा, चौथा. पहिलं झाड कडकडून आडवं झालं. म्हातारीने मातीला सांगितलं, टोपलीला सांगितलं, शेपूट घालून पळणाऱ्या कुत्र्यालाही सांगितलं. दगडाला सांगितलेलं ऐकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नाम्पातीने ठरवलं होतं, आणि तो दुसऱ्या झाडाकडे वळला.

नांदे रास्मी त्याच्या आणि झाडाच्या मधे जाऊन उभी राहिली. वाकडी मान जमेल तितकी सरळ करून तिने थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाम्पाती! तू! तुझ्याशी बोलतेय मी. ठेव ती कुऱ्हाड खाली."

मिरची तोडणारे हात थांबले. एका बाईने ओढणीत तोंड लपवलं. नाम्पातीच्या हातून कुऱ्हाड गळाली, आणि चारचौघांत कुणी त्याचं धोतर फेडावं तसा तो पाठ फिरवून उकिडवा बसला. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"आई, बास!" रास्मी ओरडली.

पण आता कोण थांबतंय? अकरा वर्षांचं सगळं तुंबलेलं होतं. "माझ्या घरात राहतोस, माझ्या जमिनीवर पोट भरतोस, आणि माझ्याच झाडांवर कुऱ्हाड? निर्लज्जा! बघ इकडे, बघ की!" मधे लेक नाही, भिंत नाही, बोलणं थेट जाऊन लागतंय. नांदे रास्मीला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नाम्पाती उठला आणि कुऱ्हाड तिथेच टाकून, खाली मान घालून उतार उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुळातली वडीलधारी माणसं बसली. बापा जेन्दा, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, सगळ्यांत थोरला. नाम्पाती दाराशी, भिंतीकडे तोंड करून.

"नांदे रास्मी, मर्यादा मोडलीस," बापा जेन्दा म्हणाला. "एक डुक्कर द्यायचं. आणि जावयाची माफी मागायची. ती आमच्या तोंडून पोचेल."

"तुमच्या तोंडून कशाला? हा काय बसलाय इथे. ए नाम्पाती—"

"नको! नको!" सगळी माणसं एकदम ओरडली. तिथल्या प्रत्येकाला सासू होती.

बापा जेन्दाने कपाळाचा घाम पुसला. "झाडं तुझी. राहू देत उभी. कुणी हात लावणार नाही. पण बाई, तोंड आवर."

नांदे रास्मी नवी तंबाखू गालात सारून घरी निघाली. डुक्कर गेलं तर गेलं. एक्केचाळीस झाडं वाचली होती आणि साऱ्या कुळाची तिने बोबडी वळवली होती. वाटेत दोन बाया तिला पाहून बाजूला झाल्या, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

घरात रास्मी गाठोडं बांधत होती.

"हे काय चाललंय?"

रास्मीने मान वर केली नाही. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "चुली, हिला सांग, आम्ही खाली शहरात चाललो. त्यांच्या भावाकडे."

"अगं, तुला काय झालं? तू माझ्या पोटची. तुझ्या-माझ्यात कसली मर्यादा?"

"चुली, हिला सांग, भात झाकून ठेवलाय. भाजी सकाळची आहे."

"रास्मी, माझ्याकडे बघ."

रास्मीने गाठोडं उचललं. तोंड चुलीकडेच होतं. "चुली, हिला सांग, अकरा वर्षं हिचं बोलणं मी धुऊन-पुसून नेलं. हिचा जावई पळून जाऊ नये म्हणून. आता हिला माझी गरज नाही."

ती दाराबाहेर पडली. नांदे रास्मीने तोंड उघडलं. पोरीला सांगावं की चुलीला, हे काही तिला ठरवता येईना, आणि तोवर बाहेर नाम्पातीची मोटारसायकल सुरू झाली होती.