जर्सीची पाठ

आमच्या पेठेत माणसाची ओळख नोकरीवरून किंवा घराण्यावरून होत नाही, कुठल्या मॅचला त्यानं काय केलं यावरून होते. कुणी वीस वर्षांपूर्वी शेवटच्या मिनिटाला हेडर मारलेला असतो. आज तो पोट सुटलेला, गुडघे धरून जिना चढणारा गृहस्थ असला तरी पाहुण्याला त्याची ओळख करून देताना आधी तो हेडर सांगतात, मग नाव. माझ्या धाकट्या भावाचीही अशीच एक ओळख होती. फक्त त्याच्या वाट्याला गोल आला नाही, पाय आला. दुसऱ्याचा मोडलेला पाय.

तो आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा बॅक, चार नंबरची जर्सी. ती मॅच सेमीफायनलची होती आणि समोर पलीकडची पेठ. त्यांचा फॉरवर्ड वीस-एकवीस वर्षांचा, अंगानं काटकुळा, पण बॉल पायाला चिकटल्यासारखा पळायचा. दुसऱ्या हाफमध्ये तो एकटाच आमच्या गोलकडे सुटला. माझा भाऊ आडवा घसरत गेला आणि काडकन आवाज आला. तो आवाज गॅलरीत वरपर्यंत ऐकू आला, हे मी शपथेवर सांगते. फॉरवर्ड उठलाच नाही. आमच्या बाजूला शिट्ट्यांचा पाऊस पडला. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि ‘बरं झालं’ असं मोठ्यानं म्हणाले. त्या काळात मी शाळेत मराठी शिकवत होते आणि पोरींना माणुसकीवर निबंध लिहायला लावत होते.

त्या पोराचं खेळणं तिथंच संपलं. माझ्या भावाला मात्र खांद्यावरून पेठेत आणलं. पुढं कित्येक वर्षं गणपतीत, लग्नात, चहाच्या टपरीवर त्याच्या पाठीवर थाप पडायची, ‘ह्योच त्यो, पाय काढणारा.’ तो हसायचा. लोकांना ते हसू अभिमानाचं वाटायचं.

मॅचनंतर तीन-चार दिवसांनी त्यानं बकऱ्याचे पाय आणून ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, सूप करून दे, कंपनीतल्या एकाचं हाड मोडलंय. तो गावाबाहेर शिरोलीला फौंड्रीत होता, तिथं अपघात नवे नव्हते. आमच्याकडं हाड मोडलं की पायाचं सूप पाजतात, त्यानं हाड लवकर सांधतं म्हणतात. मी आलं-लसूण, मिरं घालून कुकरला लावलं. त्यानं ते स्टीलच्या किटलीत भरलं, वर फडकं बांधलं आणि चालत निघून गेला. मग दर बुधवारी आणि रविवारी हेच सुरू झालं. महिनाभरानंतर माझ्या टाळक्यात उजेड पडला. फौंड्रीतला माणूस शिरोलीच्या बाजूचा असणार, आणि हा तर गरम किटली घेऊन चालत जातो, अर्ध्या तासात रिकामी परत आणतो. एका संध्याकाळी मी पळी हातात धरून त्याला अडवलं आणि विचारलं, सूप कुणाला नेतोस.

तो उंबऱ्यावर बसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘‘आक्का, बॉल निघून गेलता. मला दिसलं हुतं. तरी मी पायावर गेलो.’’

मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शहाणपणाचं काहीतरी बोलायची जबाबदारी माझी होती, आणि मी काय बोलले तर, हे कुणाला सांगू नकोस. पलीकडच्या पेठेला कळलं तर मारामाऱ्या होतील, आपल्या पेठेला कळलं तर तुला फितूर म्हणतील, सूप न्यायचं तर ने पण तोंड मीट. त्यानं मान हलवली. माझं त्यानं फार कमी ऐकलं, पण हे ऐकलं असंच मी धरून चालले. पुढं कित्येक वर्षं वाटायचं, तेवढंच ऐकायला नको होतं.

गेल्या वर्षी सकाळच्या शिफ्टला फौंड्रीतच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्यानं लग्न केलं नव्हतं, मीही नाही. घरात आई आणि मी उरलो.

आमच्यात गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. तेराव्यानंतर आईनं त्याचे शर्ट-पँटी वाटून टाकल्या. कपाटाच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याची जर्सी निघाली. ज्या दिवशी त्यानं खेळणं सोडलं, त्या दिवशी मैदानावरच सगळ्या टीमनं मार्करनं छातीवर सह्या केल्या होत्या. त्या पुसू नयेत म्हणून त्यानं ती कधी धुतली नव्हती. मी ती उलटी केली. पाठीवर चार नंबर, आणि त्याच्याखाली एकच सही, काळ्याभोर शाईतली. ती सही मला वाचता आली. ती त्या फॉरवर्डची होती. सहीखाली एका ओळीत तीन बारीक ठिपके होते. ते काय, ते मला कळलं नाही.

त्याच आठवड्यात तालमीचे वस्ताद घरी आले. पंचाहत्तरीचे आहेत, पण अजून ताठ बसतात. जर्सी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये जिंकलेल्या ढालींशेजारी लावायची आहे, फ्रेम करून द्या, असं म्हणाले. आईचे डोळे भरून आले. घरात ठेवता येत नव्हती, टाकवत नव्हती, तिला ही सोय देवानं पाठवल्यासारखी वाटली. मी हो म्हणाले, पण मनात एक ठरवूनच. जर्सी भिंतीला चिकटली की छातीवरच्या सह्या दिसणार आणि पाठ कायमची भिंतीत जाणार. पुढची शंभर वर्षं माझा भाऊ पाय मोडणाराच राहणार. तो ज्याच्या दारात किटली घेऊन गेला, त्याचं नाव त्याच्या पाठीवर आहे, हे कुणाला कधी दिसणार नाही. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एक फ्रेमवाले आहेत. अंबाबाई, दत्तगुरू आणि गेलेली माणसं, एवढ्यावर त्यांचं दुकान चालतं. मी म्हणाले, दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे. त्यांनी चष्मा वर करून मला न्याहाळलं. ‘‘मागं काय बघायचं असतंय, बाई? मागं भिंत असत्या.’’

मी तापट आहे, दुकानात आवाज चढला. पण त्यांना कामाची गोडी होती. वाद घालता घालताच कागदावर रेघा मारू लागले. जर्सीच्या आत खांद्याच्या मापाचा पातळ फायबरचा तुकडा घालायचा, म्हणजे ती अंगात घातल्यासारखी ताठ राहील. वरून-खालून बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं चौकटीला ताणायची, डिंक कुठंच लावायचा नाही. चौकट चार बोटं जाड सागवानाची, समोर आणि मागं ॲक्रिलिक, कारण दोन काचांचं वजन उचलणार कोण. आणि ॲक्रिलिक कापडाला टेकता कामा नये, मध्ये लाकडी पट्टी पाहिजे, नाहीतर आपल्याकडच्या पावसात आत बुरशी धरते. शेवटी त्यांनी विचारलं, खाली ‘कै.’ घालून पितळी पट्टी लावू ना. मी नको म्हणाले. सोमवारी जर्सी आणून द्या, असं ते म्हणाले.

रविवारी मी भाजी घेऊन घरी आले तर जर्सी मागच्या दोरीवर वाळत होती.

मी पिशवी टाकून धावले. आईनं ती रात्रभर गरम पाण्यात, सोडा घालून भिजवली होती, सकाळी दगडावर चोळून धुतली होती. छातीवर सह्यांच्या जागी जांभळट डाग उरले होते, पाटीवरची पेन्सिल थुंकीनं पुसल्यावर उरतात तसे. चौदा जणांपैकी एकाचंही नाव लागत नव्हतं. मी आईवर ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आई ओले हात पदराला पुसत म्हणाली, ‘‘घामट वास येत हुता तिला. चार लोकांत लावनार. माझं पोर घामट कसं लावू?’’

मी खाली बसले. तिला सह्या वाचता येत नव्हत्या, तिच्या लेखी ते डागच होते. आणि पंधरा वर्षांपूर्वीचा का असेना, तो त्याचा घाम होता. तोही गेला, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी जर्सी दोरीवरून काढली, तेव्हा ती उलटली. पाठीवरची सही जशीच्या तशी होती. सही आणि तीन ठिपके, काळेभोर.

फ्रेम फार देखणी झाली. फ्रेमवाल्यांनी ती दुकानात छताला टांगून आम्हाला दोन्ही बाजूंनी दाखवली. वस्ताद आणि तालमीचे दोघे जण बघायला आले होते. पुढची बाजू बघून ते हळहळले. मागं गेले आणि त्यांनी त्या फॉरवर्डचं नाव वाचलं. दोघांपैकी एक म्हणाला, आपल्या पोरांच्या सह्या गेल्या आणि त्याची तेवढी राहिली, हे लोकांना कसं दाखवायचं. दुसऱ्याला ठिपक्यांचाच संशय. आपला बॅक तीन वेळा चकला, असं काहीतरी त्यानं लिहून ठेवलंय म्हणाला. वस्ताद शांतपणे म्हणाले, जर्सी लावू, पण पाठ भिंतीला. मी म्हणाले, मग देतच नाही. वस्तादांनी मला लहानपणापासून बघितलंय. ते म्हणाले, ‘‘बाई, ह्या ठिपक्याचा अर्थ सांगा. टिंगल न्हाय एवढं कळू दे, मग बोलू.’’

अर्थ एकाच माणसाला विचारता येणार होता. दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या पेठेत गेले. त्या फॉरवर्डच्या घरची लॉन्ड्री आहे. वडिलांच्या मागं तोच चालवतो. आता चाळिशी ओलांडलेला, केस पांढरे. इस्त्री करताना उजवा पाय लाकडी पाटावर टेकवून उभा राहतो, सगळं वजन डाव्यावर. मी माझी ओळख सांगायला लागले तर त्यानं इस्त्री उभी केली.

‘‘तुमी त्याची आक्का,’’ तो म्हणाला. ‘‘सूप तुमीच करत हुता न्हवं?’’

मला तिथं रडू आलं. त्यानं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. मी जर्सीचं सगळं सांगितलं, आईनं धुतल्याचंही. त्यावर तो थोडा हसला. म्हणाला, माझी कशी जाईल, लॉन्ड्रीची शाई आहे ती, कापड फाटेल पण ती निघणार नाही. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कॉलरच्या आत खुणा करतो, त्याच पेनानं त्यानं सही केली होती.

मग त्यानं आपणहून सांगितलं. माझा भाऊ खेळणं सोडल्यावर जर्सी घेऊन दुकानात आला आणि सही देतोस काय म्हणाला. ‘‘मी म्हटलं, आदी खरं सांग. बॉल हुता का पाय? त्यानं जर्सीची घडी घातली, परत मोडली. मग पाय म्हनला. म्हटलं आन, करतो सही.’’

म्हणजे माझं न ऐकता त्यानं सांगितलं होतं. माझ्या छातीवरचं कितीतरी वर्षांचं ओझं त्या एका वाक्यानं उतरलं, आणि दुसरं एक चढलं. त्या दिवशी गॅलरीत मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे या माणसाला सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही.

मी ठिपक्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक घराची खूण वेगळी, कुणाची फुली, कुणाची रेघ. तीन ठिपके कुठल्या घराचे, मी विचारलं. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि स्वतःची कॉलर उलटी करून माझ्यापुढं धरली. आत, मानेच्या घामानं पिवळ्या पडलेल्या पट्टीवर, काळे तीन ठिपके होते.

‘‘आमच्या घरच्या कापडावर हीच खून असत्या,’’ तो म्हणाला.

मी तशीच तालमीत गेले आणि वस्तादांना सांगितलं. सूप, बॉल, पाय, कॉलर, काहीच झाकून ठेवलं नाही. वस्तादांनी उठून मारुतीपुढच्या दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाले की वरच्या हॉलमधून सज्जात उघडणारी मोठी खिडकी आहे, फ्रेम तिथं बसेल, भिंतीचा प्रश्नच नाही. कुठली बाजू रस्त्याकडं, असं मी विचारलं. ते म्हणाले, रस्त्याकडं पाठ.

आता ती तिथंच आहे. आई तिकडून जाताना दोन मिनिटं थांबते आणि किती स्वच्छ निघाली म्हणते. टीमला नवीन पोरं आली की वस्ताद त्यांना हॉलमध्ये नेऊन जर्सी दाखवतात. परवा मी जिन्यातच होते म्हणून मला ऐकू आलं. आधी पुढच्या बाजूला उभं करून त्यांनी सांगितलं की ह्यानं एकाचा पाय मोडला होता. मग म्हणाले, ‘‘आता सज्जात या. मागची बाजू बघा.’’