दादांना धरण दाखवलं

आई गेल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे अमेरिकेत आले. मी त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. नुकताच मी इथला नागरिक झालो होतो. झेंडा, भाषण, केक, सगळं यथासांग पार पडलं होतं आणि त्यातून एकच उपयोगाची गोष्ट निघाली होती: वडिलांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज. तो मी भरून टेबलावर ठेवला. फक्त त्यांची सही राहिली होती. महिनाभर दादा त्या अर्जाच्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते.

आईवडील आले की त्यांना नायगारा दाखवायचा, अशी आमच्या इथल्या मराठी मंडळींची पद्धत. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मला वाटलं, त्यांना धरण दाखवावं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या जलाशयावर नेलं. धरणाशी भलीमोठी पितळी पाटी होती. तिच्यावर साहेबलोकांची नावं, मधल्या आद्याक्षरांसकट.

"धरण बांधलं कोणी, ते नाही लिहिलेलं," दादा म्हणाले.

"तुमच्या धरणावर तुमचं नाव आहे?"

"मंत्र्यांचं आहे. ते एकदा आले होते, नारळ फोडायला."

मग आम्ही काठाकाठाने चालत गेलो. उजाड माळ, खुरटी झुडपं, मध्येच दगड रचून केलेली शेतांची जुनी कुंपणं. त्यातलं एक कुंपण उतारावरून सरळ पाण्यात शिरलं होतं. थोडं पुढे एक रस्ताही तसाच. दादा थांबले.

"गावं किती गेली?"

मला माहीत नव्हतं. निघताना मी फक्त पार्किंगची चौकशी केली होती. गस्तीवरच्या माणसाला विचारलं. चार, तो म्हणाला. थडगीसुद्धा उकरून वरच्या दफनभूमीत हलवली होती.

"मेलेल्यांची सोय चांगली केली," दादा म्हणाले आणि एका दगडावर बसले. मग सांगायला लागले.

"आमच्या धरणाच्या वेळी एक म्हातारी होती. सगळं गाव उठलं, ही उठेना. साहेबांनी मला पाठवलं. मी गोड बोलायचो ना. म्हटलं, मावशी, नव्या गावठाणात वीज आहे, नळ आहे, दवाखाना जवळ आहे. इथे एकटीनं काय करणार?"

आदल्याच संध्याकाळी मी त्यांना घरातली ऊब, गरम पाणी आणि दवाखाना ऐकवला होता. 'तिथे एकटे काय करणार' हेही, आणि तेही शेवटीच.

"मग?"

"उठली. पाणी चढत होतं, करते काय?"

"तिकडे रमली का?"

"मी गेलो नाही बघायला. बदली झाली माझी."

गाडीत मी म्हणालो, "दादा, परत जायचं असेल तर जा. खरंच. मी तिकीट काढतो."

"जाऊन काय करू? घरात तुझी आई नाही." मग म्हणाले, "घरी गेल्यावर पेन दे."

त्यांनी सही केली. ऑफिसातली, पूर्ण नावाची, खाली तारीख घातलेली. मग अर्ज माझ्याकडे सरकवून विचारलं, "मुदत किती?"

"कसली?"

"साताऱ्याचं घर रिकामं करायला."

"घाई काही नाही, दादा."

"हो," ते म्हणाले, "आम्हीही असंच सांगायचो."