मागच्या रांगेला दिसणारा हात

आदरणीय यशवंतराव खंदारे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सेनगावच्या मैदानावर, आणि घाबरलो. तालुक्या-तालुक्यांतल्या शाळांची मुलं एकत्र गाणार होती. मी जवळा बाजारच्या शाळेत नवाच लागलेला संगीतशिक्षक. माझी मुलं सगळ्यात मागच्या रांगेत. भोंग्याचा आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचायचा, आणि तो ऐकून गाणारे आम्ही पुढच्यांच्या मागे पडायचो. सर मंचावरून उतरून थेट माझ्यापाशी आले. "शब्बीर मास्तर, लेकरायला कानानं काहून गायला लावून राहिले? माझ्या हाताकडं पाहून गाऊ द्या." पुढच्या खेपेला सगळं मैदान एका सुरात गायलं.

तेव्हापासून मी सरांसोबत आहे. ध्वजवंदन असो, सामुदायिक विवाह असो की धम्म परिषद, हिंगोली जिल्ह्यातल्या मोठ्या सोहळ्यांच्या चाली बहुतेक त्यांच्याच. एकदा आयोजकांनी स्वागतगीतात पाहुण्यांचं नाव घालायचा आग्रह धरला. सर म्हणाले, "पाहुणे दरसाल बदलतेत. लेकरायनं पाठ केलेलं पुसता येते काय?" नाव घातलं नाही. पाहुणे रुसले, गाणं मात्र अजून आमच्या इकडच्या गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्येसुद्धा ऐकू येतं.

सरांचा जिव्हाळाही मी अनुभवलाय. एका सोहळ्यात ऐन माइकवर माझा आवाज फाटला. पुढच्या कार्यक्रमाला मी तोंड लपवत होतो, तर सरांनी पहिली ओळ मलाच दिली. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवासाठी सरांनी स्वतःच नवं गाणं बांधलंय, आणि माझा जीव टांगणीला लागलाय. अलीकडे सरांचा उजवा हात थरथरतो. परवाच्या तालमीत शेवटचा लांब सूर आला. सरांनी हात वर धरला आणि तो कापू लागला. मुलं हाताकडे बघून गाणारी; त्यांनी तो सूर तसाच, कापत कापत म्हटला. एकाही लेकराला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. सरांनी हात खाली घेतला आणि तालीम थांबवली.

मी म्हणालो, "सर, तो सूर आखूड करू."

तालमीला आलेल्या सरांच्या पत्नी रमाताई म्हणाल्या, "आता बसूनच ऐका की. सत्कार तुमचाच हाय ना?"

"न्हाई," सर म्हणाले. "लेकरायनं बराबर गायलं. चुकला तो माझा हात. सूर हाय तेवढाच ऱ्हाईल."

डाव्या हातानं खुणवावं, तर त्याची मुलांना सवय नाही. जिल्हाभरातून माणसं येणार.

काल सर घरी आले. जन्मात कुणाकडे काही न मागणारे आमचे सर चहाचा कप दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "शब्बीर, शेवटच्या सुराला माझ्या बाजूला उभा ऱ्हाय. मनगट धर. लोकायला दिसलं तर दिसू दे."

मी व्हय म्हणालो.

सरांचा हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा ते गाणं व्हायचंच असेल. सरांना निरामय, उदंड आयुष्य लाभो, आणखी कितीतरी मैदानं त्यांच्या चालींनी भरून जावोत, ही प्रार्थना आपण सारे करूच. पण जमलं तर माझ्यासाठीही एक करा. त्यांचं मनगट धरताना माझा हात कापू नये.