मुळाशी आलेले सोयरे

ओली माती, राळ आणि भिजल्या लाकडाची किंचित आंबूस झुळूक. असा वास कुठे आला की भिंग घेतलेले काकाजी, माझे चुलतसासरे, डोळ्यांपुढे उभे राहतात. बुरशीला सन्मानाने घरी आणणारा दुसरा गृहस्थ साऱ्या पांढुर्ण्यात नसावा. आमच्या संत्र्याच्या घरात बुरशी म्हणजे वैरीण. खोडांना मोरचूद-चुन्याचा निळा लेप दिल्याशिवाय आमचा पावसाळा सुरू होत नाही. त्याच घरात या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी पहाडात दिलेल्या आपल्या लेकीच्या अंगणातले वीतभर पाइनचे रोप आणि तिथलीच पिशवीभर माती गाडीत मांडीवर धरून आणली. "रोप एकटं जगत नाही, सूनबाई. त्याचे सोयरेही आणा लागते."

सोयरे इतके, की मी गोंधळून जाई. भर पंगतीत काडेपेटी उघडून ते बुरशीचे रंगीत वेष्टन चढलेली, केसाएवढी मुळे दाखवत. "हे पिवळी सावसरची आत्या, पाणी आणते. पांढरी मावशी दगडातून खत काढते. अन् हे काळी आपली मोठी आई. उन्हानं साऱ्या सुकल्या तरी हे मरत नाही." समोर बसलेल्या खऱ्या मोठ्या आईंनी, म्हणजे काकाजींच्या थोरल्या वहिनींनी, दिरापुढची कढी उचलून नेली. झाड बुरशीला साखर देते, हे मला कळे. बुरशी झाडाला जेवू घालते, हे मात्र काही केल्या मनात उतरत नसे.

एकदा जामसांवलीच्या देवाचे दर्शन घेऊन ते दोन दिवस सावसरला बहिणीकडे राहिले. कुंडी माझ्या हवाली होती. मातीवर पांढरे तंतू दिसले आणि माहेरापासून शिकलेला माझा हात आपसूक चालला: बागेतून आलेल्या बादलीतले मोरचूद-चुन्याचे उरलेले पाणी मी कुंडीत ओतले. रोप वाचवल्याचा मला अभिमानही वाटला.

परतल्यावर ते निळ्या मातीकडे पाहत राहिले. "काय टाकलं वो याच्यात?"

मी सांगितले.

"संत्र्याच्या घरची तू. दुसरं काय करशील?"

रोपाची सुईसारखी पाने तांबूस पडत गेली. काडेपेटी पंगतीत येईनाशी झाली. लेक फोनवर झाडाची खुशाली विचारी. काकाजी म्हणत, "मजेत हाय," आणि फोन पटकन दुसऱ्याच्या हाती देत.

एका सकाळी त्यांनी कुंडी पालथी केली. मोतीबिंदूने अंधुकलेल्या डोळ्यांना काही दिसेना, म्हणून भिंग मला दिले. मुळे बोडकी झाली होती. पार तळाशी मात्र एका कोवळ्या टोकावर काजळाचा ठिपका होता.

"मोठी आई आहे," मी म्हणाले.

ते हसले, डोळे पुसले. पिशवीतल्या उरलेल्या मातीत त्यांनी चाचपडत रोप पुन्हा लावले आणि ती कुंडी माझ्याच ओंजळीत ठेवून म्हणाले, "सांभाळजो."