रुखवतातला मॉनिटर

तात्यांनी रॅकवरच्या सगळ्यात मोठ्या मॉनिटरकडे बोट केलं आणि म्हणाले, "ह्यो बांधा."

"तात्या, थांबा की जरा," त्यांची मुलगी प्राजक्ता म्हणाली. "मला तो छोटा हवाय. चोवीस इंची."

"आगं, रुखवतात मांडायचाय! मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरनं दिसाय नको व्हय?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बारामतीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, विक्री आणि रिपेअर दोन्ही. माझ्याकडून मॉनिटर दहावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून गेलाय, दूध डेअरीच्या ऑफिसात गेलाय, एकदा तर वाढदिवसाला फुगे बांधून गेलाय. पण रुखवतात? लग्नात नवरीबरोबर द्यायच्या वस्तू मांडवात एका बाजूला मांडतात, आणि नवऱ्याकडच्या बायका एकेक वस्तू हात लावून बघतात. त्यात फ्रिज असतो, कपाट असतं, मिक्सर असतो. मॉनिटर मी तरी आजवर बघितला नव्हता. मला तर जाम मजा वाटली.

माणसं वडगाव निंबाळकरची. घरी ऊस आणि गाई. प्राजक्ता ग्राफिक डिझाइन करते. फ्लेक्स, लग्नपत्रिका, डाळिंबाच्या बॉक्सवरची लेबलं, असलं सगळं. आत्तापर्यंत लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर डोळे फोडून घेत होती. सासर बावड्याचं ठरलं होतं.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. दुधाच्या टँकरचं काहीतरी लचांड होतं. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि प्राजक्ता काउंटरवर वाकली.

"मॅडम, सासरचे काम करू नको म्हणाले नाहीत. 'बघू लग्न झाल्यावर' म्हणालेत."

"म्हणजे नाहीच," मी म्हटलं.

"म्हणून तर रुखवत! फ्रिज मांडला की म्हणतील, छान, सैपाकघराची सोय झाली. मॉनिटर मांडला की अख्ख्या बावड्याला कळेल मी काय करते. मग चार लोकांदेखत घेतलेल्या वस्तूवर कापड टाकून ठेवता येईल का त्यांना?"

काय डोकं आहे पोरीचं! मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हिला चुकीचा मॉनिटर विकला तर दुकानाला कुलूप लावायचं.

"छोटाच का पण?"

"खोलीत पलंग आणि कपाटाच्या मधे टेबलापुरती जागा आहे. मोजून आणलीय."

"ते ठीक. पण दुसरं ऐक. बत्तीस इंची वस्तू सुनेच्या खोलीत राहत नाही. चार दिवसांत हॉलमध्ये जाते. त्याला सेट-टॉप बॉक्स जोडतात, मग दुपारी कुस्त्या आणि संध्याकाळी मालिका. असले मॉनिटर भिंतीला ठोकून द्यायला मी स्वतः गेलेय. चोवीस इंची मात्र कुणी उचलत नाही."

प्राजक्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इतक्यात नवरदेव आले. रोहन. इंदापुरात ठिबकच्या दुकानात काम करतो आणि मित्रांची टीम करून गोळीबाराचे गेम खेळतो. गाडीवरून उतरून थेट आत.

"मॅडम, कर्व्ह हाय का, वाकड्या पडद्याचा? मागनं जांभळा उजेड पडतो बघा, तसला?"

"उजेड भिंतीवर पडतो. तुम्हाला गेम भिंतीकडे बघून खेळायचाय का?"

प्राजक्ता फिसकन हसली. गडी जरा वरमला, पण मुद्द्यावर आला. "हर्ट्झ तरी चांगलं पायजेत."

हे मात्र त्याचं बरोबर होतं. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदात किती वेळा बदलतं ते. साध्या ऑफिसच्या मॉनिटरला साठ असतात. त्यावर गेममधला पळणारा माणूस जरा फरफटतो. एकशे ऐंशीवर तोच स्वच्छ दिसतो. डिझाइनला त्याचं विशेष काही नसतं. तिथे रंग खरे हवेत, बाजूने बघितलं तरी बदलू नयेत. त्यासाठी आयपीएस नावाचं पॅनल घ्यायचं. आणि ठिपके भरपूर हवेत. ठिपके म्हणजेच रेझोल्यूशन.

"मग फोर-केच द्या," रोहन म्हणाला. "सगळ्यात जास्त ठिपकं."

"चोवीस इंचात फोर-के आणि शिवाय वेगवान, असा माझ्याकडे नाही. आणि तुमच्या पीसीत चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड कुठलं?"

त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, "अहो, ते कार्ड फोर-के ओढताना धापा टाकेल. मधला घ्या. टू-के. चोवीस इंच, आयपीएस, एकशे ऐंशी हर्ट्झ. एका वायरला हिचा लॅपटॉप, दुसऱ्या वायरला तुमचा पीसी. बटण दाबलं की बदललं."

"बटण कुणी दाबायचं पण?" रोहनने विचारलं.

"मी," प्राजक्ता म्हणाली. "काम संपलं की तुमचाच आहे."

"व्हय," गडी म्हणाला. मी ऐकून ठेवलं. साक्षीदार असलेला बरा.

तात्या आत आले. "झाला का बांधून मोठा?"

आता तात्यांना काय हर्ट्झ सांगायचे? मी प्राजक्ताला विचारलं, पेनड्राइव्हवर काय आहे. तर होता तिच्याच लग्नाचा स्वागताचा फ्लेक्स. नवरी स्वतःच्या लग्नाचा फ्लेक्स स्वतः करते, हे पण मी पहिल्यांदाच बघत होते. वर दोघांचा फोटो, खाली दोन्हीकडच्या पाव्हण्यांच्या रांगा. प्रत्येकाचा फेटा घातलेला, टपाल तिकिटाएवढा चेहरा. कुणी राहिला असता तर लग्नात रुसवे सुरू झाले असते.

मी आधी मोठ्या मॉनिटरवर पूर्ण फ्लेक्स लावला. तात्या जवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो कोन? बापूराव का थोरलं दाजी?"

"तात्या," प्राजक्ता म्हणाली, "ते तुम्ही आहात."

रोहनने तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. मी तोच फ्लेक्स छोट्यावर लावला.

"आरं तिच्या! माझी मिशी!" तात्या ओरडले. मग एकेक पाव्हणा बोट लावून ओळखत सुटले.

मी सांगितलं, "तात्या, मोठ्यात ठिपके कमी आहेत आणि पसरलेत जास्त जागेत. म्हणून चेहरा पुसट. छोट्यात ठिपके जास्त आणि दाट."

"पर मांडवात दिसंल का?"

"चालू करून ठेवू. उजेड लांबून दिसतो. मी स्वतः येऊन लावते."

तात्यांनी परत एकदा स्वतःची मिशी बघितली. "बांधा," म्हणाले.

लग्नाला मी गेले. लाडू, करंज्या आणि चकचकीत भांड्यांच्या मधे मॉनिटर ठेवला, साउंडवाल्याच्या बोर्डातून वायर ओढली आणि मागे लॅपटॉप जोडून प्राजक्ताची डिझाइन एकामागून एक चालू करून दिली. फ्रिजजवळ कुणी थांबेना. सगळ्या बायका मॉनिटरपुढे. प्राजक्ता मुंडावळ्यांच्या आडून इकडेच बघत होती.

मग सासूबाई आल्या. बायकांनी वाट दिली. त्यांनी मॉनिटर वरून खालून बघितला आणि विचारलं, "ह्याच्यावर टीव्ही लागतो का?"

खरं तर लागतो. बॉक्स जोडला की झालं. गिऱ्हाइकाशी मी वस्तूबद्दल खोटं बोलत नाही. मी तोंड उघडायच्या आत तात्याच पुढे झाले.

"न्हाय विहीणबाई. ह्यो माझ्या पोरीच्या कामाचा हाय. टीव्ही पायजे तर निराळा धाडतो, पर ह्याला हात न्हाय लावायचा."

भर मांडवात मुलीचा बाप वरमाईला असं बोलला! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि भीतीही वाटली.

सासूबाई परत मॉनिटरकडे वळल्या. पडद्यावर डाळिंबाचं लेबल आलं होतं. लाल, टवटवीत, दाणा न् दाणा वेगळा. त्या वाकून बघत राहिल्या.

"हे हिनं केलं?"

"व्हय."

"मग काम म्हंजे हे, असं मला आजवर सांगितलं का न्हाय कुणी? आमच्या बचत गटाच्या चटणीच्या पाकिटासाठी मी इंदापूरला हेलपाटं घालून दमले की!" आणि तिथूनच स्टेजकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "सूनबाई, सत्यनारायण झाला की आधी आमचं पाकीट!"

प्राजक्ता हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मेकअपवाली धावली.

मॉनिटर आता पलंग आणि कपाटाच्या मधे आहे. सासूबाई पलंगाच्या कडेवर बसून "मिरची आजून लाल कर" म्हणतात. गटातल्या बाकीच्या बायकाही आपापली पाकिटं घेऊन येतात. परवा रोहनचा फोन आला. "मॅडम, माझा नंबरच लागत न्हाय. आजून एक मॉनिटर किती इंची बसंल?"

आता कुणी मॉनिटर घ्यायला आलं की मी इंच आणि हर्ट्झ नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्या घरात रिमोट कुणाच्या हातात असतो?