तीन लाल बाण

गंगेकाठी ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या विष्णुशास्त्री पाळंद्यांची शरदिनी खाकी साडी नेसून फौजेच्या कामाला निघाली, तेव्हा गल्लीतल्या बायका खिडक्यांत येऊन उभ्या राहिल्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी पोर. जपान्यांशी चाललेल्या लढाईत हिचं काय काम? आईने रडून घेतलं. वडील, म्हणजे अण्णा, मात्र शिष्यांची संथा थांबवून म्हणाले, "जाऊ दे तिला. नकाशा वाचता येतो, तो घरात बसून काय वाचणार?"

छावणीतल्या बंगल्यात एक भलंमोठं टेबल होतं आणि त्यावर गंगेच्या दोन्ही तीरांचा नकाशा. गावोगावी गच्चीवर बसलेल्या टेहळ्यांना विमानाचा आवाज आला की ते फोन करत, आणि शरदिनी लांब काठीने त्या जागी बाण सरकवी. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांत रंगवलेली होती. काटा ज्या रंगावर, त्या रंगाचा बाण. काटा दोन पट्टे पुढे गेला की जुने बाण उचलायचे. तिला ही नासाडी वाटली. खरी खबर फेकून का द्यायची?

तिचे अधिकारी मुखर्जीसाहेब म्हणाले, "बहनजी, खबर झूठी नहीं होती, बासी हो जाती है. और बासी खबर पर फौजें मरती हैं."

ज्येष्ठातल्या एका दुपारी आंधी उठली. धुळीने सूर्य गिळला. त्यातच पूर्वेकडून परतणारं आपलंच एक विमान वाट चुकलं. आत दोघेजण, पेट्रोल संपत आलेलं, वायरलेस बंद. एवढ्यात दक्षिणेला चुनारकडच्या तीन टेहळणी चौक्यांचे फोन लागोपाठ आले. शरदिनीने तीन लाल बाण ठेवले. शंकेला जागाच नव्हती. वैमानिकाला उतरायची जागा दिसावी म्हणून दक्षिणेच्या मैदानावर आगी पेटवायच्या ठरल्या आणि मुखर्जीसाहेब ती व्यवस्था करायला पलीकडच्या खोलीत गेले.

मग फोन मुके झाले. काटा पिवळ्यावर गेला, निळ्यावर गेला. शरदिनीची काठी हवेतच थांबली. त्या दोन माणसांची जगात उरलेली खूण म्हणजे हे तीन बाण.

"रहने दो ना," टेबलाशी तिच्या शेजारी काम करणारी बकुळ कुजबुजली. "कुछ तो दिख रहा है."

 शरदिनीने मात्र एकेक करून तिन्ही उचलले.

मुखर्जीसाहेब परतले ते टेबलापाशी येऊन थबकले. "बाण कहाँ गए?"

"पुराने हो गए, सर. अब हमें मालूम नहीं."

आता बोलणी बसणार, म्हणून तिने मान खाली घातली. पण साहेब त्या मोकळ्या नकाशाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी झडप घालून फोन उचलला. "सिर्फ दक्षिण नहीं! हर मैदान पर आग. चौकियों को बोलो, घास, लकड़ी, जो मिले सो जलाओ. अभी!"

विमान आलं ते उत्तरेकडून. वादळात ते केव्हाच मागे वळलं होतं, आणि तिकडे ते असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोमतीकाठच्या एका चौकीने पेटवलेली गवताची गंजी वैमानिकाला दिसली. उतरताना पंख मोडला, पण दोघेही चालत बाहेर आले.

फोनवर ते ऐकून बकुळ टाळ्या पिटू लागली. शरदिनी भिंतीला टेकून उभी राहिली. चुनारचे टेहळे खोटं बोलले नव्हते. त्यांनी कानांनी ऐकलं तेच सांगितलं होतं. तेवढ्याच खऱ्या गोष्टीवर सगळे विसंबून राहिले असते, तर उत्तरेला काडीही पेटली नसती.

घरी येऊन तिने अण्णांना सगळं सांगितलं. जन्मभर लोकांना मुहूर्त काढून देणाऱ्या अण्णांनी समोरचं पंचांग मिटून ठेवलं.

"त्या दोघांची नावं काय गं?" त्यांनी विचारलं.

"नाही ठाऊक, अण्णा. आम्हाला नावं सांगत नाहीत."

"असू दे, त्याला ठाऊक आहेत," ते म्हणाले, आणि शेजारच्या बालाजीच्या देवळाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.